फाटकाजवळची आत्या

बारामती
६ नोव्हेंबर २०२४

नकोशी आत्यांना सुकन्याचा वाकून नमस्कार.

दिवाळीला तुम्ही आला नाहीत. तुमचा भाचा रुसलाय, पण तो तसं म्हणणार नाही, म्हणून मी म्हणते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कळंबच्या कुणाबरोबर निरोप धाडला तर वाटेत त्यात भर पडते. म्हणून आता पत्रच लिहायचं ठरवलंय. साक्षरता वर्गात शिकलात ते कधी उपयोगी पडायचं? अक्षर मोठं काढते आहे.

घर होत आलं. फरशी बसली, रंग चालू आहे. स्वयंपाकघराला लागून जी खोली आहे ती तुमची. खिडकी पूर्वेला आहे. माघात वास्तुशांत करतोय. त्या दिवशी तुम्ही यायचं आणि परत जायचं नाही. मामंजी गेल्यापासून तुम्ही तिकडं एकट्या राहता, लांबचं ऐकू येत नाही, दारात कुणी हाक मारली तरी कळत नाही. आम्ही विषय काढला की तुम्ही ‘बघू’ म्हणता. या वेळी ‘बघू’ ऐकून घेणार नाही.

सध्या आमच्यात वाद कशावरून, तर घरात काय काय मांडायचं यावरून. सजावट करणारा एक मुलगा ठेवलाय. तो मोबाइलवर चित्रं दाखवतो. परवा त्यानं बुद्धाचं नुसतं डोकं दाखवलं, हॉलच्या कोपऱ्यात ठेवायला. मी विचारलं, बाकीचे भगवान कुठं आहेत? त्याला ते रुचलं नाही. लग्नापासून भेट आलेले गणपती कपाटातून काढले तर जेवायचं टेबल भरलं. एक पानावर झोपलेला, एक तबला वाजवणारा, एक चक्क लॅपटॉप घेऊन बसलेला. सगळे मांडले तर दुकान वाटेल, आणि माळ्यावर टाकावे तर देवाला माळ्यावर कसं टाकायचं?

फाटकाचा तर वेगळाच प्रश्न. आमच्या रांगेत सगळ्यांच्या खांबांवर सिंह आहेत, एकाकडं गरुड. मी म्हटलं आपणही सिंह बसवू. तर हे म्हणाले, “मेंढरं राखणाऱ्यांच्या दारात सिंह? आज्जा सरगातनं काठी घेऊन ईल.” तुम्हीच सांगा काय करू.

तुमची
सुकन्या

*

कळंब
१५ नोव्हेंबर २०२४

सुकन्यास व शंभूस आत्याचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमननं आधी उलटंपालटं करून बघितलं, मग म्हणाला, “आजी, बँकेची नोटीस न्हाय, खरं पत्र हाय.” मी ते दुपारी वाचलं आणि संध्याकाळी परत वाचलं. वर्गातल्या संजीवनीबाई सांगायच्या, बोलताना काय ते ‘हाय’ म्हणा, लिहिताना ‘आहे’ लिहा. म्हणून नीट लिहिते आहे, हसू नको.

गणपतीचं असं कर. देव्हाऱ्यात एक ठेव. बाकीचे ज्यांनी दिले त्यांच्याच पोरांच्या वाढदिवसाला एकेक परत जाऊ दे. तबला वाजवणारा मला दे. डोकं घेऊ नको. नुसतं डोकं घरात असलं की येणारा जाणारा त्याच्याशीच बोलायला बघतो आणि ते उत्तर देत नाही. घरात अशी वस्तू ठेवावी, की ती रोज पुसताना आपल्या हाताला कंटाळा येऊ नये. दुसरा नियम मला माहीत नाही. सिंहाचं शंभू बरोबर बोलला.

आता माझ्या येण्याचं. मी ‘बघू’ म्हणते त्याला कारण आहे. मी तेरा वर्षांची विधवा होऊन माहेरी परत आले. तेव्हापासून आधी बापाच्या घरात, मग भावाच्या घरात राहिले. कुणी वाईट वागवलं नाही. पण दुसऱ्याच्या घरात बाईनं कुठं बसायचं, कुठं उभं राहायचं, हे तिलाच ओळखावं लागतं. कळंबमध्ये मला ते आता पाठ झालंय. तुझ्या नव्या घरात परत पहिल्यापासून शिकायचं जिवावर येतं.

तरी तू खिडकी पूर्वेला ठेवलीस. येते मी. माझी पत्र्याची पेटी खिडकीखाली बसेल का, तेवढं माप कळव.

आत्या

*

बारामती
२४ नोव्हेंबर २०२४

आत्या,

पेटी बसते. माप मी स्वतः घेतलं, शंभूराज टेप धरून उभे होते आणि उगीचच हसत होते. तुमचं पत्र त्यांनी खिशात घालून कंपनीत नेलं. तिकडं कुणाकुणाला दाखवलं देव जाणे.

एक गोष्ट तुम्हालाच आधी सांगते, माझ्या आईलाही अजून सांगितलेली नाही. मला दिवस गेलेत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मी आशा सोडली होती. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलंय, म्हणून घराची सगळी धावपळ हेच करतात.

फाटकाचं ठरलं. सिंह नाही, गरुड नाही. इंदापूर रस्त्याला लासुर्ण्याच्या अलीकडं सर्जेराव म्हणून सिमेंटच्या मूर्ती करणारा आहे, त्याच्याकडं तुमच्या भाच्यानं काम दिलंय. काय काम ते तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे. वास्तुशांतीला तुम्ही फाटकात उतराल तेव्हाच बघायचं. मी एवढंच सांगते, की ते बघून तुम्ही रडाल.

सुकन्या

*

कळंब
१० डिसेंबर २०२४

सुकन्या,

मी जिवंत आहे. हे कागदावर लिहून द्यायची वेळ तुम्ही माझ्यावर आणलीत.

शनिवारी मी दारात मेथी निवडत बसले होते. लासुर्ण्याची भामाबाई, माझी लहानपणची सोबतीण, डोक्यावरून पदर घेऊन, गल्लीच्या तोंडापासून गळा काढत आली. मला बघितलं आणि मटकन खालीच बसली.

“आगं, तू हायस?”

“व्हय, हाय की. का गं?”

“तुजा पुतळा बघितला म्या रस्त्याला. म्हनलं, नकोशी गेली आन मला कुनी कळवलंबी न्हाय.”

तिला पाणी देते तोवर सोपानतात्या आणि आणखी दोघंजण टॉवेल डोक्याला गुंडाळून हजर. त्यांना मी चहा केला. माझ्याच मयताचा चहा मीच केला, साखर जरा जास्त पडली. सगळे हसले, मीही हसले. ते गेल्यावर मात्र हसू आलं नाही.

सोमवारी एसटीनं जाऊन बघून आले. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड आणि मध्ये मी. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायापाशी मेंढी. मेंढीचे कान उभे, ती कुत्रं दिसते. नाक माझं नाही, कुठल्या तरी देवीचं आहे. पण बाकी मीच. त्या सर्जेरावानं मला ओळखलं नाही. म्हणाला, “काय पायजे मावशी? लक्ष्मी दावू का?”

मी विचारलं, “ही बाई कुठं हुबी करनार?”

“बारामतीला, एका सायबाच्या बंगल्यावर. फाटकाच्या भाईर, उजव्या हाताला. राखन केल्यावानी.”

सुकन्या, माणूस गेलं की आपल्यात चांदीच्या पत्र्यावर त्याचा टाक उठवतात. दादाचा, तुझ्या मामंजींचा केला, पण तो गेल्यावर. आणि तो टाक देव्हाऱ्यात, घराच्या आत ठेवला. सणासुदीला त्याला आंघोळ घालतो, हळद लावतो, घास दाखवतो. माझा मात्र मी जिवंत असताना केला, आणि जागा दिली फाटकाबाहेर. माझ्या जन्मात मी हेच केलं. लोकांच्या शेतात मेंढरं बसली की मी मेंढवाड्याच्या कडेला, कोल्ह्यालांडग्याची राखण. लग्नाकार्यात मी मांडवाच्या बाहेर. आता सिमेंटची होऊनही तेच करायचं का?

तू मला आतली खोली दाखवलीस आणि शंभूनं बाहेरची जागा. त्याला मी अंगाखांद्यावर वाढवला, त्याच्या मनातली जागाच खरी धरली पाहिजे. मी येणार नाही. पेटी आहे तिथंच राहू दे.

तू जपून राहा. जड उचलू नको.

नकोशी

*

बारामती
१३ डिसेंबर २०२४

आत्या,

तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. अर्ध्यात उठून बाहेर गेले ते बऱ्याच वेळानं आले आणि जेवले नाहीत. चुकलं आमचं. जिवंत माणसाचा पुतळा करत नाहीत हे मला कळायला हवं होतं. इथं आजूबाजूला सगळे दारात काही ना काही उभं करतात, त्याच नादात आम्ही गेलो. सर्जेरावाला फोन करून काम थांबवलंय. तुम्ही म्हणाल तर तो तिथंच फोडून टाकेल.

पण फाटकच का, हे मी यांना विचारलं, आणि त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला कळवल्याशिवाय मला राहवत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे कधी सांगितलं नव्हतं.

यांची आई गेल्यावर आणि मामंजी मेंढरं घेऊन कोकणात उतरल्यावर तुम्ही यांना बारामतीच्या वसतिगृहात घातलंत. तिथली मुलं यांच्या अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणायची. हे रोज पळून जायचा बेत करायचे. पण बाजारच्या दिवशी तुम्ही येणार, भाकरी आणि दुधाची बाटली घेऊन फाटकाजवळ उभ्या असणार, म्हणून ते बाजारापर्यंत थांबायचे. बाजार झाला की पुढच्या बाजारापर्यंत. असं करत करत शाळा संपली.

त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते: “सुकन्या, मी कायबी झालो तरी डोळं मिटलं की मला फाटक दिसतंय, आन तितं आत्या हुबी हाय. आईचं तोंड मला आठवत न्हाय. आई म्हनलं की मला तेच दिसतंय. मला वाटलं, रोज कामावरनं आलो की पयल्यांदा तीच दिसावी.”

आत्या, त्यांनी तुम्हाला बाहेर ठेवलं नव्हतं. त्यांना जे सगळ्यात मोठं वाटतं ते त्यांनी दारात उभं केलं. तुमच्यामुळं मला हा माणूस मिळाला, याचे आभार मी कधी मानले नाहीत, ते आज मानते. पुतळ्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. पण तुम्ही या.

सुकन्या

*

कळंब
५ जानेवारी २०२५

सुकन्यास आशीर्वाद.

उशीर केला. चार वेळा लिहायला बसले आणि चार वेळा उठले.

शंभू सांगतो ते खरं आहे. पण तो फाटकाच्या आतून बघत होता, मी बाहेरून. ते वेगळं असतं.

मी पहिल्या एसटीनं यायची. पोरं सुटायला दुपार व्हायची. तोवर मी फाटकाला धरून उभी. रखवालदाराला विचारलं, “जरा आत जाऊन पोराची खाट बघू का?” तो म्हणाला, “बायांना आत परवानगी न्हाय.” त्याची नोकरी होती, त्याचा राग नाही. पुढच्या बाजारी परत विचारलं. नंतर विचारायचं सोडून दिलं. मी शंभूलाच विचारायची, तुझी खाट खिडकीशी आहे का दाराशी? गार वारं लागतं का? वर पंखा आहे का? तो सांगेल तसं मी मनात मांडायची. घरी आल्यावर डोळे मिटून त्या खोलीत फिरून यायची. पोरगं कुठं निजतं ते मी शेवटपर्यंत बघितलं नाही. म्हणून फाटक म्हटलं की मला ती न बघितलेली खाट आठवते. त्याला काय ठाऊक? मी तोंड हसरंच ठेवायची.

पण तुझं पत्र आल्यापासून दुसरंही आठवायला लागलंय. तो लांबून मला बघायचा आणि पळत सुटायचा. चप्पल निघायची, तरी पळायचा. माझ्या आईबापांना चौथी पोरगी नको होती, म्हणून त्यांनी माझं नाव हे ठेवलं. सासरची ओळख व्हायच्या आधी नवरा गेला. मला बघून कुणी असं पळत यावं, हे माझ्या वाट्याला फक्त त्या फाटकाजवळ आलं. ते पोर नसतं तर माझा जन्म मेंढरांमागं गेला असता आणि मला त्याचं काही वाटलंही नसतं. तू माझे आभार मानतेस. खरं तर मीच त्याची ऋणी आहे, आणि हे त्याला तोंडावर सांगायला मला जमणार नाही, तू सांग.

आता पुतळ्याचं. फोडू नका. पोटुशी बाई असताना घराची फोडाफोड बरी नाही. मरणाची आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, तेव्हा त्यातही तोटा नाही. पण उभी करायची असेल तर फाटकाच्या आत, आणि तोंड घराकडं. रस्त्यावरच्यांना माझी पाठ दिसली तर दिसू दे. मला आत काय चाललंय ते बघायचंय. मेंढीचे कान सर्जेरावाकडून खाली पाडून घ्या. नाक राहू दे. नाक बरं आहे.

वास्तुशांतीला येते. राहायचं काय ते जागा बघून ठरवीन.

आत्या

*

नरसिंहपूर
२० जून २०२५

आत्यांना सुकन्याचा आणि तुमच्या नव्या नातीचा नमस्कार.

यांनी घरी येऊन सांगितलंच असेल, पण तुम्हाला माझ्या हातचं पत्र हवं असणार. पोर गोरी नाही, काळी नाही, गव्हाळ आहे. केस भरपूर. रडते ती अशी, की संगमावर आंघोळीला आलेली माणसंही वर बघतात असं आई म्हणते. डॉक्टरांनी मुलगी आहे असं सांगितलं तेव्हा हे माझ्याजवळ होते. म्हणाले, “आत्याला सांगाय पायजे,” आणि रडायला लागले. नर्सला वाटलं मुलगा हवा होता. तिनं त्यांची समजूत काढायला सुरुवात केली. मला हसता येत नव्हतं, टाके दुखत होते.

वास्तुशांतीला तुम्ही पेटी न आणता आलात, ते माझ्या मनाला फार लागलं होतं. पूजा झाल्यावर तुम्ही तुमच्या खोलीत गेलात. मी मागून आले तर तुम्ही शंभूराजांना विचारत होतात, तुझी खाट कुठं आहे. त्यांनी हाताला धरून तुम्हाला आमच्या खोलीत नेलं. तुम्ही खाटेवरची चादर हातानं सारखी केलीत, उशी हलवून बघितलीत, खिडकी उघडून वारा कुठून येतो ते बघितलंत. एवढा मोठा माणूस, केस पिकायला लागलेत, तो दाराला टेकून लहान मुलासारखा उभा होता. दुसऱ्या दिवशी तुम्हीच म्हणालात, “पेटी आनायची तर आज आना, उद्या शनवार हाय.” मला बाळंतपणाला इकडं माहेरी येताना घराची काळजी वाटली नाही ती तुमच्यामुळं.

आता एक विचारायचं आहे. सव्वा महिना झाला की आम्ही घरी येऊ. बाळ पहिल्यांदा उंबऱ्यात आलं की भाकरतुकडा ओवाळायचा. आई म्हणाली, “तुमच्यात ववाळाय सवाशीन कोन हाय?” मी म्हटलं, आत्या आहेत. आईनं बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, शेजारची कुणी बोलवा. आत्या, मला शेजारची कुणी नको. माझ्या लेकीच्या अंगावरून तुमचा हात फिरायला हवा. तुम्ही नाही म्हणू नका.

सुकन्या

*

बारामती
२९ जून २०२५

सुकन्यास आणि बाळास पोटभर आशीर्वाद.

आधी घरची हकिकत. सजावटवाला पोरगा येऊन गेला, परत तेच डोकं घेऊन. मी त्याला चहा दिला आणि डोकं परत दिलं. हॉलच्या कोपऱ्यात तुझं शिलाई मशीन ठेवलंय, उजेड तिथंच चांगला आहे. गणपती बरेचसे मार्गी लागले. तबल्यावाला माझ्या खिडकीत आहे. दादाच्या टाकाला कालच आंघोळ घातली आणि नात झाल्याचं सांगितलं.

पुतळ्याची सगळ्यांना सवय झाली आहे. दूधवाला आला की पिशवी तिच्या काठीला अडकवतो आणि फाटक ओढून जातो. मेंढीच्या पाठीवर शेजारची पोरं बसतात, मी बसू देते. शंभू कामावरून आला की तिच्याजवळून जाताना खांद्यावर हात ठेवतो. मी खिडकीतून बघते, त्याला ठाऊक नाही. तो आत आला की मी विचारते, “आलास व्हय?” आणि तो म्हणतो, “आलो.” एवढंच आमचं बोलणं, पण रोज होतं. मला आणखी काही नको. या वयात देवानं मला इतकं द्यायचं कारण नव्हतं.

आता तुझं विचारणं. तुझं पत्र वाचून मी घाबरले. रीत सोडली तर बाळाला काही होईल का, हा पहिला विचार आला, तुझ्यापासून कशाला लपवू? तू लग्न होऊन कळंबच्या दारात आलीस तेव्हा तुला ओवाळायला दुसऱ्या बाया होत्या. माझी सावली पडू नये म्हणून मी मागच्या गोठ्यात उभी होते. तू मापटं ओलांडलंस आणि कुणाला न विचारता सरळ गोठ्यात येऊन माझ्या पायावर डोकं ठेवलंस. कुणी तुला बोललं, ते माझ्या कानावर आलं, तेव्हा कान चांगले होते. तुझं वाईट काही झालं नाही. मग तुझ्या लेकीचं का होईल?

शंभूला विचारलं. तो म्हणाला, “आत्या, तुज्याबिगर कोन?” आणि पेपर वाचायला लागला. पेपर उलटा होता.

तेव्हा शेजारचं कुणी येणार नाही. भाकरी मी पहाटे उठून करीन, ताजी. तांब्या घासून ठेवलाय. तू गाडीतून उतरलीस की फाटकातून हळू ये, पायऱ्यांना घाई करू नको. वाटेत ती सिमेंटची बाई उभी असेल, तिच्याकडं बघत थांबू नको. सरळ दाराकडं ये. मी उंबऱ्याच्या आत उभी आहे.

आत्या